पहिलं जाळं पाण्याचं

वैशाख तापला की माझ्या कॅमेऱ्याच्या पट्ट्याला माशांचा वास यायला लागतो. पट्टा मी साबणानं धुतलाय, गच्चीवर वाळवलाय, एकदा तर लिंबू चोळून पाहिलं. पावसाळाभर आणि हिवाळाभर तो वास गप्प असतो. चंद्रपूरचं ऊन अंगावर यायला लागलं, कूलरच्या टाकीत दिवसातून तीनदा पाणी ओतायची पाळी आली, की हटकून परत येतो. घरातले नाकं मुरडतात. मी पट्टा नाकाशी धरते आणि फोनची वाट पाहते.

फोन मोहटोल्याहून येतो. कुरखेड्याच्या पुढं जंगलात शिरणाऱ्या रस्त्याचं डांबर जिथं संपतं, तिथून थोडं आत हे गाव. फोनवर असते पारबताबाई. पासष्टीची, मासे धरणाऱ्या घरातली, आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो. हॅलो वगैरे म्हणायची तिला सवय नाही. "पानी उतरून राह्यलं वं. दोन बोटं बाकी हाय. येऊन राह्यली ना?" एवढं विचारून उत्तर न ऐकताच ती फोन ठेवते. यंदाचा फोन काल येऊन गेला.

मी फोटो काढायला शिकले ती चंद्रपुरातल्या एका गल्लीतल्या स्टुडिओत. मालक मला दोनच गोष्टी सांगायचे : हनुवटी खाली आणि मागं निळा पडदा. कोळसा खाणीतला माणूस येवो, आलापल्लीच्या बाजूनं नोकरीच्या फॉर्मासाठी आलेली मुलगी येवो, की पोरीच्या लग्नासाठी स्थळाला फोटो पाठवणारा बाप येवो, सगळे त्याच पडद्यापुढं बसायचे. खाणवाल्याच्या कानामागं काळी धूळ असायची, ती मी ओल्या रुमालानं पुसून घ्यायची. माणूस कुठून आला, कुणासोबत आला, बाहेर त्याची सायकल कशाला टेकवली आहे, यातलं काहीही फोटोत येता कामा नये. आलं तर फोटो परत काढावा लागे आणि मालक दिवसभर फुगून बसत.

पुढं मोठा कॅमेरा घेतला आणि मोठी पुस्तकंही हाती पडली. जगभरातल्या अन्यायाचे, हक्कांच्या लढायांचे फोटो. खाणीच्या भोकात उतरणारी माणसं, छावणीतल्या आया, कुंपणाला धरून उभे असलेले म्हातारे. त्या फोटोंनी माझी झोप उडवली होती हे मी आजही कबूल करते. त्यांच्यामुळंच मी लग्नाचे अल्बम सोडले आणि घरच्यांच्या दृष्टीनं वाया गेले. या वाटेवरची जाणती माणसं शिकवायची : भिंग पूर्ण उघड, मागचा पसारा विरघळू दे, डोळ्यांतलं दुःख तेवढं धारदार येऊ दे. मी ते मन लावून शिकले. हा आपला जुना निळा पडदाच आहे, एवढं साधं तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. याचा राग मला अजून येतो, आणि तो मी कुणा दुसऱ्यावर काढू शकत नाही.

तर त्या पहिल्या वैशाखात मी मोहटोल्याला गेले. परदेशातल्या एका मोठ्या प्रदर्शनासाठी फोटो मागवले होते. विषय होता माणसांचे हक्क. मोहटोल्याचा तलाव वनखात्याच्या जमिनीत येतो. गावानं वनहक्क कायद्याखाली तलावावर आणि त्याच्या आजूबाजूच्या जंगलावर सामूहिक दावा टाकला होता. दावा मंजूर झाला तर तलाव गावाचा. फेटाळला तर तो बाहेरच्या ठेकेदाराकडं जाणार, आणि ज्या पाण्यात आजे-पणजे उतरले त्यात उतरणं ही चोरी ठरणार. गावासमोर एवढा सरळ प्रश्न होता. मला तो आवडला, कारण त्यात दुःख होतं.

मोहटोल्याच्या बांधात एक खुणेचा दगड आहे. त्याला आडवी खाच आहे. ती कुणी पाडली, कुणालाच माहीत नाही. उन्हाळ्यात पाणी त्या खाचेखाली गेल्याशिवाय तलावाच्या खोल भागात कुणी जाळं टाकत नाही. घरी पाहुणा येवो, पोट रिकामं असो, पोरगी बाळंतीण असो, खाच बुडालेली आहे तोवर खोल पाणी बंद. खाच उघडी पडली की दुसऱ्या सकाळी सगळं गाव बांधावर येतं. मासे धरणारी घरं, धान पिकवणारी घरं, रोजीनं जाणारी, सगळी. लुगडी गुडघ्यावर खोचलेल्या बाया, डोक्याला टॉवेल बांधलेले बाप्ये, काठी टेकत आलेले म्हातारे. आणि पहिलं जाळं एकटा माणूस ओढत नाही. ज्याचा हात पोहोचेल त्यानं ते धरायचं.

काय सकाळ होती ती! उघड्या पडलेल्या चिखलाला वाळता वाळता ताज्या भाकरीसारखा वास येत होता. बांधावरच्या अर्जुनाच्या नऊ झाडांची साल उन्हात पांढरी पडली होती. कुठंतरी आत मोहाची फळं, टोळंब्या, पडून सडल्या होत्या आणि वाऱ्याबरोबर त्यांचा गोडसर भपका येई. जाळं वर आलं तेव्हा मरळ आणि शिंगी अशा उसळल्या की माणसांचे चेहरे पाण्याच्या थेंबांआड गेले. मधोमध पारबताबाई, दात आवळून, मानेच्या शिरा ताणून. मी कमरेएवढ्या पाण्यात होते. भिंग पूर्ण उघडं. तिचा चेहरा धारदार, बाकी सगळं दूध. मला कळलं होतं की फोटो मिळाला.

"झालं का मॅडम?" पारबताबाई ओरडली. जाळं जड होतं.

"झालं, झालं!" मी म्हटलं. भिंगावर झाकण घातलं आणि फोटो नीट आलाय का ते कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, हाताची सावली करून पाहू लागले. तेवढ्यात पाण्याचा एक मोठा, मऊ आवाज आला आणि लोक हसले. मी मान वर केली तेव्हा जाळं रिकामं होतं.

सुटलं वाटतं, असं मी म्हटल्याचं मला आठवतं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "सुटलं नाई बाई, सोडलं. पहिलं जाळं पान्याचं रायते." मोठी मासळी, गाभोळीनं भरलेली मासळी, जे काय पहिल्या जाळ्यात येईल ते सगळं पाण्याला परत. त्यानंतरच्या जाळ्यांचे वाटे घरागणिक, जी बाई माहेरी गेली तिच्या दारावरही एक. मी मान डोलावली. छान प्रथा आहे, असं वहीत लिहूनही घेतलं. कॅमेऱ्याचं झाकण काही काढलं नाही.

तो फोटो निवडला गेला. हिवाळ्यात एका थंड देशातल्या भिंतीवर तो दाराएवढा मोठा करून लावला. मला तिथलं चित्र मेलवर आलं : गरम कोट घातलेली माणसं मान वाकडी करून पारबताबाईच्या मानेच्या शिरा पाहताहेत. खाली ओळ होती. ती मी लिहिलेली नव्हती, पण बदला असंही मी कळवलं नाही. अर्थ असा की आटत चाललेल्या तळ्यातले शेवटचे मासे पकडताना एक भुकेली स्त्री. मी मोठा प्रिंट काढला, काचेत बसवला आणि मिरवत मोहटोल्याला घेऊन गेले.

पारबताबाईनं तो मांडीवर घेतला. बराच वेळ पाहिला. पदरानं काच पुसली, पुन्हा पाहिला.

"ही मीच आहो," ती म्हणाली. "पन तलाव कुठी हाय?"

मी सांगितलं की तलाव मागं आहे, धूसर केलाय, म्हणजे नजर थेट तुमच्यावर जाते.

"बांध नाई, दगड नाई, झाडं नाई. मले एकटीलेच काऊन ठेवलं? बाकीचे मेले का?" मग तिनं खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे का लिवलं हाय?"

मी वाचून दाखवलं. खोटं वाचता आलं असतं, पण तिचे डोळे माझ्या तोंडावर होते. ऐकून ती उठली. फोटो भिंतीला टेकवला, तोंड भिंतीकडं करून. "भुकेली कोन? त्या जाळ्यातली एक शिंगी आमी घरी नाई आनली. सारी सोडली. तू तिथंच होतीस ना मॅडम? का करून राह्यली होतीस तू तेव्हा?"

मी तेव्हा माझाच फोटो पाहत होते. हे मी तिला सांगितलं. लाज वाटते म्हणून टाळता आलं नसतं, आणि आता लिहितानाही टाळत नाही.

चैत्रात तालुक्याच्या कार्यालयात दाव्याची सुनावणी लागली, मीही गेले. गावानं जे होतं ते सगळं फाइलला लावलं : म्हाताऱ्यांचे जबाब, देवाच्या जागांची यादी, आणि कुणीतरी हौसेनं माझा फोटो. दावे तपासणाऱ्या समितीवरचे साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. म्हणाले, "हे पाणी कुठलंही असू शकतं. आणि यात काय दिसतं? मासे धरताना बाई. मासे ठेकेदारही धरतो. तुम्ही हा तलाव राखता, असं दाखवणारं काही आहे का?"

ते होतं. त्याचा आवाज माझ्या कानात होता, पाण्याचा तो मऊ आवाज. कॅमेऱ्यात तेवढा नव्हता. परदेशातल्या भिंतीवर दाराएवढा झालेला माझा फोटो मोहटोल्याच्या विरुद्ध साक्ष देऊन आला होता. पुरावा द्यायला पंधरा दिवसांची मुदत मिळाली.

त्या दुपारी बांधावर बसून मी उपाय सुचवला, फोटोवाल्यांना सुचतो तोच. "उद्या सकाळी सगळे या. एकदा जाळं टाका, सोडा. मी नीट फोटो काढते. दिवस कुठला ते फोटोत कळत नाही." दोघंतिघं हो म्हणालेही. तलाव वाचवायची वेळ आली की माणूस हो म्हणतो.

पारबताबाई दगडापाशी गेली. खाच पाण्यात होती. तिनं बोटं लावून पाहिली. "चार बोटं वर हाय पानी," ती म्हणाली. "खाच बुडाली असतानी जाळं टाकलं, तं मंग आमी राखतो म्हनून कोन्या तोंडानं सांगाचं? कागदासाठी पान्याले फसवाचं का? मंग ठेकेदार का वाईट हाय?" जगभरच्या सत्याचे फोटो काढायला निघालेली मी, आणि पहिला खोटा फोटो काढायची तयारी माझीच होती.

मुदतीच्या दिवशी गाव ट्रॅक्टरनं तालुक्याला गेलं. जाळीही सोबत घेतली होती, खांद्यावर. साहेबांनी विचारलं, पुरावा आणला का. पारबताबाई पुढं झाली. "आनला नाई. तलावात हाय. पानी खाचेखाली गेलं का दिसंल. तुमी या पाहाले."

"बाई, आज शेवटची तारीख आहे. पुरावा नाही असं लिहितो, इथं सही करा."

"सई देत नाई."

"मग दावा फेटाळला जाईल."

"फेटाळा. पन लिवा का पारबताबाईनं सई देल्ली नाई. अन् हेबी लिवा का तारीख तुमी आपल्या मनानं देल्ली, पान्याले नाई विचारलं. आमचं सारं पान्याच्या तारखेवर चालते. साहेब, तुमच्या बापजाद्यानं खाच पाहून शेती केली असंल तं तुमालेबी समजंल."

तिनं खांद्यावरचं जाळं खाली टाकलं आणि कार्यालयाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली बसली. सगळेच बसले. तीन दिवस बसले. घोषणा नव्हत्या, झेंडे नव्हते. बाया जाळी दुरुस्त करत बसल्या, फाटलेल्या जागी गाठी मारत. आंबील यायची, ती वाटली जायची, कारकुनांनाही. दुपारच्या वाऱ्यात कडुलिंबाची पिवळी पानं आणि धूळ फाइलींवर जाऊन पडे. कुणी हटकलं की एकच उत्तर : "काईच नाई, पानी उतराची वाट पाहून राह्यलो." मी या तीन दिवसांत एकही चेहरा जवळून टिपला नाही. दूर उभी राहून सगळं आवार चौकटीत घेत होते आणि मला ते जमत नव्हतं. हाताला सवय नव्हती. चौथ्या दिवशी साहेब स्वतः बाहेर आले. तारीख कोरी ठेवलेला कागद त्यांनी पारबताबाईच्या हातात दिला आणि म्हणाले, "खाच उघडली की कळवा."

वैशाखात खाच उघडी पडली, त्यांना कळवलं आणि दुसऱ्या सकाळी ते आले. चपला हातात घेऊन, पॅन्ट दुमडून बांधावर उभे राहिले. मी या वेळी पाण्यात उतरले नाही. समोरच्या काठावर उंच जागा शोधली. भिंग जितकं मिटतं तितकं मिटवलं, म्हणजे जवळचं लव्हाळं आणि दूरचं झाड सारखंच स्पष्ट यावं. चौकटीत बांध आला, उघडी खाच आली, अर्जुनाची नऊही झाडं आली, सगळं गाव आलं, साहेबांच्या हातातल्या चपला आल्या. मला शिकवणाऱ्यांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, काय हा पसारा. असू दे. त्या पसाऱ्यालाच तर मोहटोला म्हणतात.

जाळं वर आलं. पाणी उसळलं. गेल्या वर्षीच्या फोटोतला क्षण हुबेहूब समोर होता आणि मी कळ दाबली नाही.

"झालं का?" पारबताबाईचा आवाज पाण्यावरून आला. या वेळी मॅडम नव्हतं त्यात. "झालं का पोरी?"

"नाई!" मी ओरडले. "आता सुरू होऊन राह्यलं!"

जाळं खाली गेलं. इतके सगळे हात एकदम उघडले. मासे क्षणभर तिथंच घोटाळले, जणू काही त्यांचा विश्वास बसेना, मग सळकन खोलात गेले. तेव्हा मी फोटो काढला. माझे डोळे भरून आले होते, पण भिंगाला डोळे लागत नाहीत.

दावा मंजूर झाला. तलाव मोहटोल्याचा झाला. कागदाला जोडलेल्या पुराव्यांत तो फोटो आहे. परदेशातल्या प्रदर्शनवाल्यांनाही मी तोच पाठवला आणि पहिला उतरवा म्हणून कळवलं. त्यांचं पत्र फार सभ्य होतं. फोटो चांगला आहे, पण गर्दी फार, आणि यातला अन्याय चटकन दिसत नाही. मधल्या बाईपुरता कापून दिला तर विचार करता येईल. मी उत्तर लिहिलं की यातलं एक झाडसुद्धा कापलं जाणार नाही. या लोकांकडं काय नाही हे दाखवायला तुम्ही भिंत राखून ठेवली आहे. त्यांच्याकडं काय आहे हे मावत नसेल तर भिंत वाढवा. त्यानंतर पत्र आलं नाही. नाही आलं तर नाही. माझ्या दुःखी फोटोंना तिथं जागा होती, आणि हक्क मिळवलेल्या माणसांना नव्हती, हे मला एकदाचं कळलं ते बरं झालं.

फोटो आता ग्रामसभेच्या खोलीत आहे. खाली प्रत्येकाचं नाव आहे, झाडांचंही. लावला त्या दिवशी पारबताबाईनं बोट फिरवत एकेकाला शोधलं. हा, ही, तो, दगड, खाच. साहेबाच्या चपलांशी येऊन पोट धरून हसली. मग तिचं बोट थांबलं.

"तू कुठी हायेस?"

मी म्हटलं, फोटो काढणारी फोटोत नसते.

"मंग एक हात कमी पडला म्हन की," ती म्हणाली. "पहिल्या जाळ्याले जो बांधावर आला त्याचा हात लागते. दोन वर्सं झाली, तू नुसती पाहून राह्यली. पुढच्या टायमाले जाळं धर."

उद्या पहाटेची बस आहे. फोटो कसा निघेल याची मला आता काळजी नाही. कॅमेरा खुणेच्या दगडासमोर दुसऱ्या दगडावर ठेवायचा, आपोआप कळ दाबली जाईल असं करायचं, पट्टा तेवढा सोडवून गळ्यात ठेवायचा आणि पाण्यात उतरायचं. माझे दोन्ही हात जाळ्यात असतील.